अंगणातल्या ताराबाई

आमच्या जोयडा तालुक्यात मूल तीन वर्षांचे झाले की आम्ही त्याच्या हाती पेन्सिल देतो आणि अक्षर नीट गिरवत नाही म्हणून रागावतो. अशा वेळी ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. त्या पदवीधर झाल्या, राजकोटला प्राचार्य झाल्या. पण ते मानाचे पद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. बोटे तयार झाल्याशिवाय लेखणी पेलत नाही, हे माँटेसरी पद्धतीचे मर्म त्यांनी जाणले होते.

मात्र त्या पद्धतीची साधने महाग. १९४५ मध्ये बोर्डीला गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. वेचता, निवडता, ओवता चिमुकली बोटे वळू लागली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने वारली मुलांसाठी हेच काम चालले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारी योजनेतून अंगणवाडी देशभर निघाली.

आमच्याकडेही चिंचोके, बांबू, काळी नदीचे गोटे यांना तोटा नाही. यंदा बाप्पाच्या दूर्वांची जुडी आणि मातीचा उंदीर मुलांच्याच हातून होऊ द्या. उंदीर वाकडा झाला तरी चालेल. अक्षर मागाहून सरळ येईल.