पहिल्या मिनिटाची परीक्षा

बाळ जन्माला आले की प्रसूतिगृहातील सर्वांचे कान त्याच्या पहिल्या रडण्याकडे लागलेले असतात. ते रडलेच नाही तर? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयांतही या प्रश्नाला ठरावीक उत्तर नव्हते. सर्वांचे लक्ष आईकडे असे. निळसर, निपचित पडलेले मूल बहुधा वाचणार नाही, असे अनेकदा गृहीतच धरले जाई. ही रीत बदलली ती डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी.

त्यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्टफील्ड येथे झाला. १९३३ साली कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांना शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात काम करायचे होते. परंतु स्त्रीला तेथे वाव मिळणे कठीण, म्हणून त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवले. भूल देण्याचे काम त्या काळी मुख्यतः परिचारिका करीत. ॲपगार यांनी त्यांच्याकडूनच पहिले धडे घेतले, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९४९ मध्ये कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. विभागप्रमुखपद मात्र पुरुष सहकाऱ्याकडे गेले. त्यानंतर त्यांनी प्रसूतिगृहातील कामाला वाहून घेतले.

तेथे त्यांनी एक साधी पद्धत बसवली. जन्मानंतर एका मिनिटाने बाळाच्या पाच गोष्टी पाहायच्या : हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतील जोर, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके नसतील तर शून्य, मिनिटाला शंभरांहून कमी असतील तर एक, अधिक असतील तर दोन. एकूण गुण दहा. पुढे पाचव्या मिनिटालाही गुण देण्याची प्रथा पडली. १९५३ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. हे गुण प्रसूती करणाऱ्याने देऊ नयेत, असा त्यांचा आग्रह असे. आपल्या हाताला यश आले असे कोणाला वाटत नाही? साहजिकच हे काम अनेक ठिकाणी परिचारिकांकडे आले. ज्या बाळाकडे कोणी वळून पाहत नसे, त्याच्याकडे आता घड्याळ लावून पाहिले जाऊ लागले.

१९५९ मध्ये त्यांनी रुग्णालय सोडले व जन्मजात व्यंगे टाळण्याच्या कार्याला आरंभ केला. तरीही श्वास अडलेला कोणी भेटल्यास उपयोगी पडावी म्हणून श्वासनलिकेत घालण्याची नळी त्या पर्समध्ये बाळगीत. फावल्या वेळात त्या स्वतः तंतुवाद्येही घडवीत. ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

न रडणाऱ्या बाळासाठी आता गुण मोजेपर्यंत थांबत नाहीत. त्याला पुसून कोरडे करतात, ऊब देतात आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर पहिल्या मिनिटातच पिशवी व मुखवट्याने हवा देतात. भारतात २००९ साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात परिचारिकांना हेच कौशल्य बाहुलीवर सराव करवून शिकवले जाऊ लागले. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे गुण मात्र बाळाच्या कागदावर आजही लिहिले जातात.