भगवानदादा: गिरणगावच्या पोराचा नाच

मार्च संपत आला की खारघरमध्ये आमच्या जयंती मंडळाची बैठक बसते आणि दर वर्षी तोच वाद निघतो. मिरवणुकीत नाचायचं की नाही? वडीलधाऱ्यांना वाटतं की बाबासाहेबांची जयंती हा विचारांचा उत्सव आहे, डीजेपुढचे अंगविक्षेप तिथे शोभत नाहीत. पोरांना वाटतं, वर्षातला एक दिवस रस्ता आपला असतो, तोही घेऊ नका. या वर्षी वाद ऐन रंगात आला असताना नायगावची चाळ सोडून इथे राहायला आलेले एक काका उठले. कोपरं वाकवली, खांदे हलवले, अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. सगळी खोली हसली. पोरांना तो अमिताभ बच्चनचा नाच वाटला. काकांनी नुसती मान हलवली.

तो नाच भगवान आबाजी पालव यांचा, म्हणजे भगवानदादांचा. त्या बैठकीतल्या विशीतल्या एकालाही हे नाव माहीत नव्हतं, म्हणून हे लिहीत आहोत.

जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार. शाळा चौथीपर्यंत, मग मजुरी. कुस्तीचा नाद असल्याने शरीर आडवं आणि मजबूत, उंची बेताची. हा देह त्या काळच्या नायकाचा नव्हता. पण पोराच्या डोक्यात सिनेमा होता आणि सिनेमात डग्लस फेअरबँक्स. हा अमेरिकन नट मूकपटांत तलवार घेऊन भिंती चढायचा, छपरांवरून उड्या मारायचा. त्याचा १९२४चा ‘थीफ ऑफ बगदाद’ भारतात तुफान चालला होता. मूकपटाला भाषा लागत नाही, वाचता येण्याची गरज नसते. चौथी शिकलेल्या मजुराच्या पोराला त्या पडद्यावर परकं वाटण्याचं कारण नव्हतं.

मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत भगवान पडद्यावर आले. नुसतं नट होऊन भागणार नाही हे त्यांना लवकर कळलं असावं, कारण चित्रपट बनवण्याचं सगळं काम ते शिकत गेले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्यासोबत ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला आणि पुढची दहाएक वर्षं कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढले. मारामाऱ्या स्वतः करायच्या, कपडेपट आणि जेवणखाणही स्वतः बघायचं. १९४१ साली ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपटसुद्धा त्यांनी केला.

१९३८ या सालाशी थोडं थांबू. त्याच जानेवारीत खोती रद्द करा म्हणून कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कायदेमंडळावर गेला होता. आपलं पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे खोतीच्याच मुलखात. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. ‘बहादूर किसान’ या नावाचा या लढ्यांशी संबंध होता असा आमचा दावा नाही. पण ज्या वस्त्यांतून त्या संपाला माणसं गेली, त्याच वस्त्यांमधून भगवानदादांच्या चित्रपटांनाही माणसं जात होती. गिरणीत जात संपलेली नव्हती. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. सिनेमागृहात मात्र जागा खिशावर ठरे. पुढच्या स्वस्त बाकांवर कोण कुणाला खेटून बसलंय, हे अंधारात पाहणारं कुणी नव्हतं. मोठ्या वर्तमानपत्रांना हे चित्रपट हलके वाटत. त्यांचे प्रेक्षकही त्या वर्तमानपत्रांना हलकेच वाटत असणार.

आणि मग ती थप्पड. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवार यांना मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. वर्षानुवर्षं उपचार झाले, डोळा बारीक राहिला तो राहिलाच. तोपर्यंत त्या नायिका होत्या. पुढे उभं आयुष्य खाष्ट सासूच्या भूमिका केल्या, त्यातही नाव काढलं, ही त्यांची कमाई. (त्या येवल्याच्या. ज्या येवल्यात बाबासाहेबांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली, तेच येवला.) भगवानदादांच्या प्रेमाने भरलेल्या लेखांत हा प्रसंग दोन ओळींत अपघात म्हणून उरकला जातो. अपघात होता, मान्य. पण त्यानंतर पुरुष नायक म्हणून उभा राहिला आणि बाईचं नायिकापण संपलं, हेही तितकंच खरं. नायकाची गोष्ट सांगताना हा हिशेब वगळायचा नाही, एवढं आपण फुले-आंबेडकरी विचारातून नक्की शिकलो आहोत.

१९४२ सालीच ते निर्माते झाले आणि १९४७ साली चेंबूरला त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला. गिरणी कामगाराच्या पोराचा स्वतःचा स्टुडिओ! मारधाड सोडून सामाजिक चित्रपट काढ, हा सल्ला राज कपूर यांचा असं सांगतात. तो ऐकून १९५१ साली आला ‘अलबेला’. नायक स्वतः, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचं. रामचंद्र हे पुणतांब्याचे, भगवानदादांचे जुने मित्र. हिंदीत स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी ‘सुखी जीवन’मध्ये भगवानदादांनीच दिली होती. गोष्ट घरच्या गरिबीतल्या प्यारेलालची. बहिणीच्या लग्नाला पैसा नाही, नोकरी जाते, पोरगा घर सोडतो आणि रंगभूमीवर नाव कमावतो. घरी धाडलेले पैसे पोचत नाहीत, आई मरते. गाव सोडून मुंबईत मनीऑर्डरवर घर चालवणाऱ्यांना हे दुःख समजावून सांगावं लागलं नाही. ‘आवारा’ आणि ‘बाजी’ त्याच वर्षीचे, तरीही ‘अलबेला’ त्यांच्या रांगेत उभा राहिला.

त्याचं कारण नाच. गीता बाली त्यात विजेसारख्या आहेत आणि शेजारी हा आडव्या अंगाचा माणूस जवळजवळ जागच्या जागी हलतोय. शास्त्रीय शिक्षण नाही, गिरक्या नाहीत, कमरेचे झटके नाहीत. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला संध्याकाळी जेवढं हलता येईल तेवढंच. अरुंद जागेत, गर्दीत, पँट-शर्टवर, पोट सुटलेलं असताना येतो असा हा नाच आहे. गुरू लागत नाही, म्हणून गुरूने नाकारण्याचा प्रश्न येत नाही. कलेचं शिक्षण ज्यांना पिढ्यानपिढ्या मिळालं नाही, त्यांच्या अंगात तो इतक्या सहज का शिरला, याचं उत्तर आम्हाला इथे दिसतं. पुढे अमिताभ बच्चन, गोविंदा यांनी तो उचलला तेव्हा त्याला स्टाइल म्हणू लागले. भगवानदादा नाचले तेव्हा तो विनोद होता.

पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या. पुन्हा गीता बालींना घेऊन १९५३ साली ‘झमेला’ केला, तो ‘अलबेला’इतका चालला नाही. किशोर कुमारना घेऊन सुरू केलेला ‘हँसते रहना’ अर्धवट राहिला आणि त्यात होतं नव्हतं ते गेलं. १९६६चा ‘लाबेला’ पडला. बंगला, गाड्या, स्टुडिओ, सगळं विकलं. जुन्या मारधाडपटांपैकी बहुतेक गोदामाच्या आगीत जळाले. माणूस परत दादरच्या चाळीत आला आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांत मिनिटभराचा तोच नाच नाचून घर चालवू लागला. सी. रामचंद्र, ओम प्रकाश, गीतकार राजेंद्र कृष्ण असे मोजके मित्र चाळीत येत राहिले. रामचंद्र जानेवारी १९८२मध्ये गेले. त्याच महिन्यात गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भगवानदादांना ज्यांनी मोठं केलं, त्या प्रेक्षकाचं घरही बसलं.

लोक ही उधळपट्टीची गोष्ट म्हणून सांगतात. गाड्यांचा आकडा सांगताना चेहऱ्यावर एक समाधान असतं, बघा, झेपलं नाही. आम्हाला दुसरंच दिसतं. चित्रपट व्यवसायाला सरकारने उद्योग मानलं ते १९९८ साली. त्याआधी बँक दारात उभी करत नव्हती. निर्माता सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलणार आणि तारण म्हणून स्वतःचं घर ठेवणार. पडद्यामागच्या कामगारांसाठी कायदे आले ते १९८१ साली. बापजाद्यांची मालमत्ता असलेल्यांचे दोन चित्रपट पडले तरी तिसरा काढता येतो. भगवानदादांच्या मागे चौथीपर्यंतची शाळा आणि मजुरी होती.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरमध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले. मिळाला तर पाहा, पण आधी मूळ ‘अलबेला’ पाहा.

हल्ली कुणी नामवंत दिसला की तो आपल्यापैकी होता का, हे आधी शोधलं जातं. भगवानदादांबद्दल तो शोध आम्ही घेतलेला नाही. त्यांचा नाच आपल्या वस्तीत आहे, तेवढं पुरे.

बैठकीत शेवटी डीजे रद्द झाला, बेंजो ठरला. मिरवणुकीच्या पुढे नायगावचे काका असणार, त्यांना पोरांनीच तयार केलं. बेंजोवाले पथक आपल्याच शेजारच्या वस्तीतल्या पोरांचं आहे. मागच्या वर्षी त्यांना ठरलेल्यातले निम्मेच पैसे मिळाले, तेही दोन महिन्यांनी, आणि ती चूक आमच्याच मंडळाची होती. या वेळी पूर्ण रक्कम आधी द्यायचा ठराव लिहून घेतला आहे. रक्कम किती, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.