रेव्हरंड नारायण वामन टिळक : पंडिताची भाषा, भजनाची भाषा

कोल्हारला प्रवरा ओलांडून आपण नगरच्या दिशेने निघालात की पुढे राहुरी लागते. टिळकांचे काही दिवस तेथे गेले. त्यांच्या फुलामुलांच्या कविता वाचताना हा परिसर आपल्या ध्यानी येत नाही. परंतु त्यांच्या आयुष्यातील कठीण प्रश्न याच जिल्ह्यात उभा राहिला.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, कोकणातील करजगावचा. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र अपुरेच राहिले. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते शिकवू लागले.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग वस्त्यांतून आलेला होता. त्याचे पाळक मिशनच्या वळणात घडत होते, उपासनेत पाश्चात्त्य चालींची गीते होती. हे ख्रिस्तीपण आपल्या मातीत परके राहते, असा टिळकांचा आक्षेप होता. पण आक्षेप घेणारा स्वतः चित्पावन, संस्कृतज्ञ! एक अभिजनत्व दूर सारून दुसरे आणले जात नव्हते काय, ही शंका आपण अवश्य घ्यावी. ('अभिजात' आणि 'अभिजन' हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत, हेही लक्षात असू द्या.)

माझ्या मते उत्तर त्यांच्या रचनाप्रकारांत सापडते. उपासनेसाठी त्यांनी पंडिती वृत्तांपेक्षा अभंग, भजन आणि कीर्तन यांचा आधार घेतला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही अभंग मुखोद्गत होतो. त्यासाठी विद्यालयाची पायरी चढावी लागत नाही. शंका यामुळे पुरती फिटत नाही, कारण मराठी परंपरेतून काय निवडावे हे ठरवणारा अखेर पंडितच होता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे'तील घरगुती गद्य या दृष्टीने टिळकांच्या कवितेशेजारी ठेवून वाचावे.

1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.