नाण्यांची झीज मोजणारा गणिती : दा. ध. कोसंबी

मित्रांनो, पेपरात प्रॉबॅबिलिटी आली की आपण ती सरळ ऑप्शनला टाकतो! पण याच विषयाच्या जोरावर एका मराठी माणसाने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मुक्या नाण्यांना बोलते केले. ते म्हणजे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी.

जन्म गोव्यात, ३१ जुलै १९०७. वडील धर्मानंद हे पालीचे नामवंत पंडित. १९१८ मध्ये त्यांच्यासोबत दामोदर अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर होऊन परतले. बनारस, अलीगढ करून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी बारा वर्षे गणित शिकवले.

आता थोडे रँडम वॉकविषयी. एक माणूस दर पावलाला नाणे उडवतो. छापा आला की उजवीकडे, काटा आला की डावीकडे. शंभर पावलांनंतर तो नेमका कुठे असेल, हे कोणीच सांगू शकत नाही. पण अशी हजार माणसे सोडली तर गर्दी किती पसरेल ते सांगता येते : पावलांच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साधारण दहा पावले. एकट्याचा भरवसा नाही, घोळक्याला मात्र नियम आहे! पाण्यातल्या सूक्ष्म कणांची धडपड आइन्स्टाइनने १९०५ मध्ये याच विचाराने उलगडली. शेअरबाजाराचे चढउतारही असेच अभ्यासतात.

कोसंबींना हा नियम चांदीत दिसला. हातोहात फिरणारे नाणे झिजते, हे आपल्या खामगावच्या चांदीच्या बाजारात कोणीही सांगेल. कोणते नाणे किती झिजेल, हा नशिबाचा भाग. पण एकाच वेळी पाडलेल्या शेकडो नाण्यांचे सरासरी वजन काळानुसार घटते आणि त्यांच्या वजनांतला फरक वाढत जातो. म्हणजे रँडम वॉकच, फक्त उतारावरचा! चलनातली आधुनिक नाणी तोलून त्यांनी आधी हे पडताळले. मग तक्षशिलेची आहत नाणी घेतली. त्यांच्यावर ना राजाचे नाव, ना साल. मागच्या बाजूला बारीक ठसे मात्र होते. जितके ठसे जास्त, तितके वजन कमी! हे सराफांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीचे ठसे असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कोणते नाणे जुने, कोणते नवे, हे तराजू सांगू लागला.

१९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. कोसंबींच्याच नावाचे ते सूत्र आजही वापरात आहे.

पुढे ते मुंबईच्या टीआयएफआरमध्ये गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करीत. १९५९ मध्ये त्यांनी संभाव्यतेच्याच वाटेने रीमानच्या प्रसिद्ध कोड्याला हात घातला. मूळ संख्यांविषयीचा तो युक्तिवाद मात्र गणितज्ञांनी मान्य केला नाही. अणुऊर्जेऐवजी सूर्याच्या ऊर्जेचा आग्रह धरल्यानेही ते एकटे पडत गेले. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. तरी लेखन थांबले नाही. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

एका डावात ते हरले, पण नाण्यांवरचे काम टिकले, कारण तिथे प्रत्येक नाणे खरोखर तराजूत पडले होते. मित्रांनो, एकाच साच्याची जुनी-नवी नाणी जमवा आणि लॅबच्या तराजूवर तोलून बघा. प्रॉबॅबिलिटी ऑप्शनला टाकायचा विचार कदाचित बदलेल!