जेआरडी टाटा: विमानं बघत बसणारा मुलगा

विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून विमानं बघणारे प्लेन स्पॉटर तुम्ही पाहिले असतील. जेआरडी (१९०४-१९९३) लहानपणी हेच करायचे, फक्त विमानतळाऐवजी समुद्रकिनारा होता. फ्रान्समधल्या हार्देलोला त्यांच्या सुट्टीतल्या घराजवळच लुई ब्लेरिओचं घर होतं. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. त्याचं विमान तिथल्या वाळूवर उतरायचं आणि हा पोरगा बघत राहायचा.

१५ व्या वर्षी विमानात एक चक्कर मारायला मिळाली, पायलट व्हायचं तिथेच ठरलं. पण लायसन्स हातात यायला १९२९ उजाडलं. त्यावरचा नंबर मात्र १!

१५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, ते स्वतः जुहूला उतरले. पुस मॉथ विमान, एकच इंजिन, रेडिओ नाही. म्हणजे खालची जमीन ओळखत जायचं. जीपीएसशिवाय पुण्यात पत्ता न सापडणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर जरा विचार करावा.

त्याच सेवेची पुढे एअर इंडिया झाली. १९५३ मध्ये ती सरकारने घेतली, अध्यक्ष जेआरडीच राहिले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना पदावरून काढलं. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई उड्डाण पुन्हा केलं.