शाहू महाराज आणि त्यांचा खंड्या

भोर-वेल्ह्याकडच्या जुन्या घरात मांजर पाळावे लागत नाही, ते असतेच. हा भाताचा मुलूख. घरात भाताच्या कणग्या आल्या की उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. ते कुणी आणले, कधी आणले, हे घरातल्या म्हातारीलाही सांगता येत नाही. माझ्याकडे दोन मांजरे आहेत. एक दुधाला तोंड लावण्याआधी वाटीभोवती एक फेरी घालते आणि दुसरे, कितीही मऊ गादी टाकली तरी, नेमके मी उघडलेल्या पुस्तकावर येऊन बसते. ज्या पाहुण्याला मांजराचा तिटकारा, त्याच्याच मांडीवर ही दोघे चढणार. त्यांच्या लहरी सांभाळता सांभाळता माणूस त्यांच्या वेळापत्रकाने जगू लागतो आणि आपण यांना पाळले की यांनी आपल्याला, असा प्रश्न कधीतरी पडतोच.

कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे आपल्याकडे म्हणतात. घर बदलले तर मांजर जुन्या घराकडे परतते. कुत्रे मात्र माणूस जाईल तिथे जाते. ही विभागणी तंतोतंत खरी नाही, हे मांजर पाळणारे सगळेच सांगतील. पण मुक्या जनावराच्या निष्ठेचा विषय निघाला की मला एक राजा आठवतो. मराठी राज्याचा विस्तार ज्याच्या कारकिर्दीत अटकेच्या वाटेला लागला आणि तरीही ज्याचे नाव आजोबांच्या आणि पेशव्यांच्या नावांमध्ये कुठेतरी दबून गेले, तो हा राजा. थोरले शाहू महाराज. या राजाने आपल्या एका कुत्र्याला पालखीचा मान दिला होता.

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळ गांगवलीला झाला. वडील छत्रपती संभाजी महाराज, आई येसूबाई. मूल सात वर्षांचे होण्याच्या सुमारास वडिलांना औरंगजेबाने क्रूरपणे मारले आणि त्याच वर्षी, १६८९ च्या नोव्हेंबरात, रायगड पडून आई आणि मुलगा मोगलांच्या हाती लागले. तिथून पुढची साडेसतरा वर्षे बादशाही छावणी हेच शाहूंचे घर झाले. हे घर आज या गडाखाली, तर उद्या त्या नदीकाठी. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने या मायलेकरांकडे माणुसकीने पाहिले, एवढाच काय तो आधार.

आमच्या भागाचा या कैदेशी एक वेगळाच संबंध आहे. १७०३ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः राजगडावर चालून आला. १७०४ च्या फेब्रुवारीत राजगड आणि पाठोपाठ मार्चमध्ये तोरणा त्याच्या हाती पडला. छावणी जाईल तिथे कैद्यांनाही जावे लागे. आज आपण वेल्ह्यात एस. टी. तून उतरतो आणि मान वर करून तोरण्याकडे पाहतो. शाहू त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. ज्या गडांवर आजोबांनी राज्याचा डाव मांडला, ते गड या तरुण नातवाच्या वाट्याला आले ते शत्रूच्या तंबूंच्या बाजूने. आपले घर दिसावे, पण त्यात पाऊल टाकता येऊ नये, ही शिक्षा साखळदंडांपेक्षा जड असली पाहिजे.

१७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब मेला आणि मे महिन्यात शाहजादा आझमशहाने माळव्यात शाहूंना सोडून दिले. सुटका झाली खरी, पण घरी परतल्यावर दार उघडायला कोण होते? इकडे ताराबाईंनी सात वर्षे मोठ्या हिमतीने राज्य लढते ठेवले होते. त्यांच्या मुलाची गादी होती आणि सरदारांनी त्यांच्याशी इमानाच्या शपथा घेतल्या होत्या. आलेला माणूस खरा शाहू नव्हेच, तोतया आहे, अशीही आवई उठली. ऑक्टोबरात खेडजवळ लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि शाहूंनी दक्षिणेकडे कूच केले. वाटेत नीरेच्या खोऱ्यात एक माणूस उभा होता. शंकराजी नारायण सचिव.

भोर संस्थानचे हे मूळ पुरुष. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मावळातले किल्ले परत मिळवून राखणारा हा कर्तबगार कारभारी. शाहूंचे बोलावणे आले, तेव्हा ते पेचात सापडले. इकडे गादीचा खरा वारस बोलावतो आहे. तिकडे ताराबाईंना दिलेला शब्द आहे. एक पाळावा तर दुसरा मोडतो. शंकराजींनी कोणताच मोडला नाही. भोरजवळच्या आंबवड्याला त्यांनी स्वतःचा अंत करून घेतला. जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. आंबवड्याला नागेश्वराचे देऊळ आहे, ओढ्यावरचा झुलता पूल आहे. सहलीला आलेली मुले पुलावर धावत सुटतात. शेजारीच शंकराजींची समाधी आहे, तिथे मात्र क्वचितच कुणी थांबते.

शाहूंनी या घराण्यावर राग धरला नाही. शंकराजींचा मुलगा नारो शंकर तेव्हा अगदी लहान होता. सचिवपदाची वस्त्रे शाहूंनी त्या बालकालाच दिली आणि त्याचा मुलूखही त्याच्याकडे राहू दिला. भोरचे पंतसचिव घराणे त्यानंतर १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत नांदले, त्याच्या मुळाशी ही क्षमा आहे. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंना राज्याभिषेक झाला. पुढे ताराबाईही त्यांच्या हाती लागल्या. त्यांना साताऱ्यात नजरेखाली, पण सन्मानाने ठेवले गेले. कोल्हापूरकर संभाजी महाराजांशी १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. ज्यांनी आपल्याविरुद्ध तलवार धरली त्यांनाही हा राजा पुन्हा पंगतीला बसवत असे.

मला वाटते, कैदेने त्यांना माणसांच्या निष्ठेची किंमत आणि तिची अडचण दोन्ही शिकवली असणार. माणसाची निष्ठा एकाच वेळी दोन ठिकाणी गुंतलेली असू शकते. ती घराशी असते, गादीशी असते, शब्दाशी असते, वतनाशीही असते. त्या ओढाताणीत शंकराजींसारखा भला माणूस जिवाला मुकतो. जनावराच्या निष्ठेला हे फाटे नसतात. म्हणूनच की काय, शाहूंच्या साताऱ्यात जनावरांना मोठी जागा होती.

अजिंक्यताऱ्याखाली त्यांनी शाहूनगर वसवले. राज्याचा मोठा कारभार बाळाजी विश्वनाथ, बाजीराव आणि नानासाहेब या पेशव्यांवर सोपवून महाराज शिकार, बागा, घोडे, कुत्री आणि पक्षी यांत रमत. चांगल्या कुत्र्याची किंवा पाखराची खबर लागली की ते मागवून घेतले जाई. वसई पडल्यावर घाबरलेल्या मुंबईकर इंग्रजांनी १७३९ मध्ये कॅप्टन विल्यम गॉर्डन याला त्यांच्या भेटीला पाठवले. इंग्रजांना वाटले असेल, राजा तोफा मागेल, दारूगोळा मागेल. महाराजांच्या मागण्यांत होत्या गिनी कोंबड्या, टर्की, बसऱ्याची कबुतरे आणि जे काही आगळेवेगळे पाखरू मिळेल ते! घरात मांजर असणाऱ्या माणसाला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. परगावी गेल्यावर देवळाआधी पाळीव प्राण्यांच्या खाऊचे दुकान शोधणारी माणसे आपल्याही ओळखीत असतातच.

या सगळ्या गोतावळ्यातला मानकरी म्हणजे खंड्या कुत्रा. शिकारीच्या वेळी वाघाशी गाठ पडली असता त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी हकीकत आहे. महाराज ते विसरले नाहीत. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली आणि त्याला पालखीचा मान मिळाला. मराठी राज्यात पालखी म्हणजे काही बसायचे साधन नव्हे. ती मोठ्या पराक्रमानंतर मिळणारी सरकारी इभ्रत होती. त्या पालखीत कुत्रा बसलेला पाहून मोठमोठ्या मिशांच्या सरदारांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच कुत्र्याची दुसरी गोष्ट दरबारातली आहे. एकदा महाराजांनी खंड्याला जरीचा पोशाख चढवला, अंगावर जवाहीर घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला भर दरबारात बसवले. त्यानंतर महाराजांनी स्वतःच्या डोक्याला पुन्हा पगडी घातली नाही, असे म्हणतात. हे का केले, याची दोन उत्तरे मिळतात. साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेला आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ म्हणतो की, हे बुद्धिभ्रंशाचे लक्षण होते. आपल्याकडची हकीकत वेगळी आहे. इंद्रोजी कदम नावाचा श्रीमंत सरदार दागिन्यांनी मढून, मोठ्या थाटाने भेटीला येणार होता. त्याचा तोरा उतरवायला महाराजांनी स्वतः साधे वस्त्र नेसले आणि सगळी जवाहिरी कुत्र्याला घातली. दागिन्यांनीच मोठेपण येत असेल तर ते कुत्र्यालाही येते, एवढे एक अक्षर न बोलता सांगून झाले.

मला दुसरे उत्तर पटते, आणि ते केवळ आपल्या बाजूचे आहे म्हणून नव्हे. सोळा-सतरा वर्षे दुसऱ्याच्या दरबारातला डामडौल कैद्याच्या नजरेने पाहिलेल्या माणसाला जरीच्या पोशाखाची खरी किंमत कळलेली असते. शेवटच्या काळात महाराजांचे मन खचले होते, हे खरे. १७४८ मध्ये सगुणाबाई राणीसाहेब गेल्या, गादीला मुलगा नव्हता, घरात वारसाचे तंटे होते. पण प्राण वाचवणाऱ्याचे उपकार मानणे याला वेड म्हणायचे असेल, तर शहाणपण कशाला म्हणायचे?

महाराष्ट्रात राजाच्या कुत्र्याचे नाव काढले की सगळ्यांना रायगडावरचा वाघ्या आठवतो. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याला समकालीन कागदांचा आधार मिळत नाही, असे अभ्यासक सांगत आले आहेत. त्याच्या पुतळ्यावरून वादही झाले, २०१२ मध्ये तो काढून पुन्हा बसवावा लागला. त्या गदारोळात साताऱ्याचा खंड्या बाजूलाच राहिला. त्याची आठवण साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, दगडात कोरून ठेवलेली आहे. त्याच घाटावर, १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहूनगरात महाराजांनी देह ठेवल्यावर, त्यांचे अंत्यसंस्कार झाले. धनी आणि कुत्रा यांच्या समाध्या एकाच नदीच्या काठी आहेत.

शाहू महाराजांनी स्वतः फारशा लढाया मारल्या नाहीत, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला थोडी पाने येतात. पण राज्य चालवायला तलवारीइतकीच आणखी एक गोष्ट लागते. समोरचा माणूस, मग तो विरोधात का असेना, कोणत्या ओढीने बांधला गेला आहे ते ओळखून त्याला सांभाळून घ्यावे लागते. मुकी जनावरे पाळणाऱ्याला ही सवय रोज करावी लागते, कारण मांजराला हुकूम चालत नाही आणि कुत्र्याला कारण सांगता येत नाही. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन आंबवड्याला गेलात तर झुलत्या पुलावरून उतरून शंकराजींच्या समाधीपाशी घटकाभर जरूर थांबा, आणि कधी साताऱ्याला गेलात तर माहुलीच्या दगडी कुत्र्यालाही भेटा. शब्दासाठी जीव देणारा कारभारी इथे आहे, धन्यासाठी वाघाला भिडणारा कुत्रा तिथे आहे. या दोघांचीही कदर करणारा राजा एकच होता, हे मुलांना तिथेच सांगता येईल.