सात बिया घेऊन आलेला फकीर

रमजानमध्ये तरावीहची, म्हणजे रात्रीची जादा नमाज आटोपली की मोहल्ला लगेच झोपत नाही. कुणी कुराण घेऊन बसतं, कुणी ओट्यावर गप्पा मारतं आणि स्वयंपाकघरात चहा-कॉफीचं पातेलं पुन्हा शेगडीवर चढतं. जागरण आणि कॉफी यांचं हे नातं पाचशे वर्षांहून जुनं आहे. आपल्या देशात कॉफीचं झाड कसं आलं, त्या गोष्टीची सुरुवातही या नात्यापासूनच होते. त्या गोष्टीत परंपरा एकच नाव घेते: बाबा बुडन.

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या जंगलातलं. तिचं पेय आणि तिची शेती मात्र रुजली तांबड्या समुद्रापलीकडच्या येमेनमध्ये. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रभर जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण करत. झोप येऊ नये म्हणून ते कहवा पीत. पुढे या पेयावर संशयही घेतला गेला. १५११ मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने त्यावर बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही. सूफींच्या बैठकीतला कहवा बाजारात आला आणि येमेनच्या मोखा बंदराचं नाव दूरदूर पोचलं.

येमेनचे शेतकरी डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं करून कॉफी लावत. पिकलेली लाल फळं तोडून सालासकट घरांच्या गच्चीवर उन्हात वाळवत आणि नंतर फोडून दाणे काढत. सालही वाया जात नसे. आलं घालून तिचं किश्र नावाचं पेय होई. फळ अख्खं वाळत असल्यामुळे त्याचा गोडवा दाण्यात उतरतो. मोखाच्या कॉफीला सुकवलेल्या फळांची, द्राक्षाच्या आंबूसपणाची चव येते ती यामुळेच. या दाण्यावर अरबांची अनेक पिढ्या मक्तेदारी होती. बाहेर जाणारा दाणा परक्या मातीत उगवू नये म्हणून तो भाजून किंवा उकळून पाठवत, असं सांगितलं जातं.

हिंदुस्थानात कॉफी पिणारे तेव्हाही होते. जहांगीरच्या काळात इथे आलेल्या एडवर्ड टेरी या इंग्रज पाद्र्याने, दारूपासून दूर राहणारे धर्मनिष्ठ लोक कॉफी पितात, अशी नोंद केली आहे. पेला इथला होता, झाड मात्र तिथलं.

बाबा बुडन हे आजच्या कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगरात राहणारे सूफी. दादा हयात मीर कलंदर यांच्या परंपरेतले ते मानले जातात. आपल्याकडे दाभोळ आणि उत्तरेला सुरत ही तेव्हा हजला निघणाऱ्यांची मोठी बंदरं. महिनोन् महिन्यांचा समुद्रप्रवास, वादळं, चाचे. जाणारा माणूस घरच्यांची माफी मागून, देणंघेणं मिटवूनच निघे. बाबा बुडनही हजला गेले आणि परतताना मोखाला थांबले. काळ साधारण १६७० चा सांगतात. तिथे त्यांनी न भाजलेल्या, जिवंत अशा सात बिया मिळवल्या आणि अंगावर बांधून गुपचूप आणल्या. कुणी म्हणतं कमरपट्ट्यात, कुणी म्हणतं दाढीत. सातच का, याचं उत्तरही परंपरेकडे आहे. काबागृहाभोवती फेरे सात, सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या खेपाही सात. नुकताच हज करून आलेल्या माणसाच्या मनात हाच आकडा असणार.

इथे एक प्रश्न अडतो. हजहून परतणाऱ्या हाजीने दुसऱ्याच्या देशातून लपवून काही आणावं का? भक्तांनी हा प्रश्न कधी टाळलेला नाही. गोष्ट सांगताना लपवण्याचा भाग ते तितक्याच रंगून सांगतात. त्यांचं उत्तर साधं आहे. व्यापारी असता तर त्याने गोणी भरल्या असत्या. या फकिराने सात बिया घेतल्या आणि त्यातली एकही स्वतःजवळ ठेवली नाही. आपल्या गुहेभोवतीच्या डोंगरात त्या लावून टाकल्या.

लावायची घाईही असणारच. कॉफीचं बी धान्यासारखं कणगीत टिकत नाही; काही महिन्यांतच त्याची उगवण्याची ताकद ओसरते. रोप उगवलं तरी पहिलं फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. पण अरेबिका जातीचा एक गुण त्यांच्या कामी आला. तिच्या फुलात स्वपरागीभवन होतं, एकटं झाडही फळतं. सातातलं एखादंच जगलं असतं तरी बाग उभी राहिली असती.

ती राहिली. या भागातल्या जुन्या वाणाला पुढे चिकमगळूरवरूनच ‘चिक’ हे नाव पडलं. १६९९ मध्ये डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफी जावा बेटावर नेली. तिथून ती ॲमस्टरडॅमला आणि पुढे अमेरिका खंडात गेली. १९२५ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यातच बाळेहोन्नूरला कॉफी संशोधन केंद्र निघालं. ज्या डोंगरात फकिराने बिया पेरल्या त्याला आज बाबा बुडनगिरी म्हणतात आणि तिथल्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

या कॉफीची चव मोखापेक्षा वेगळी. इथे मोठ्या झाडांच्या सावलीत, थंड हवेत फळ सावकाश पिकतं. फक्त पिकलेली फळं निवडून तोडतात, गर काढतात, दाणे नैसर्गिकरीत्या आंबवून धुतात आणि मग वाळवतात. त्यामुळे पेला भरदार, किंचित आंबटसर आणि चॉकलेटच्या वासाचा होतो. बी येमेनचं असलं तरी चव या डोंगराची आहे.

बाबांची ती गुहाही एकट्या मुसलमानांची राहिली नाही. हिंदू भाविक तिला दत्तात्रेयाचं पीठ मानतात. सरकारदरबारी तिच्या नावात गुरु दत्तात्रेय आणि बाबा बुडनस्वामी दोघेही एकत्र नांदतात. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. एकनाथांच्या चरित्रात दत्तगुरू मलंग फकिराच्या वेषात भेटतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही गेली कित्येक दशकं ही जागा नेमकी कुणाची, याचा वाद कोर्टकचेऱ्यांत चालू आहे. दत्तजयंती आणि उरूस जवळ आले की डोंगरावर पोलीस बंदोबस्त लागतो.

मार्च-एप्रिलमध्ये वळवाची पहिली चांगली सर पडली की आठवड्या-दीड आठवड्यात तिथल्या बागा एकदम पांढऱ्या होतात. मोगऱ्यासारखा वास दरीभर पसरतो. त्या दिवशी रस्त्याने जाणारा प्रत्येक जण, दर्ग्याला निघालेला असो की पीठाला, तोच वास घेत वर चढतो.